अक्कानं पाठ केलेली अमेरिका

साऱ्या आयुष्यात मी एकच ढाल जिंकले, आणि त्या ढालीपायी माझी थोरली बहीण अमेरिकेच्या नागरिकत्वाच्या परीक्षेत नापास झाली. मधे साठेक वर्षं गेली. गुन्हा जुना झाला, पण गुन्हेगार अजून धडधाकट आहे, सकाळी चहाबरोबर दोन चकल्या खाते आणि हे लिहिते आहे.

अक्का माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. ती न्यू जर्सीला मुलाकडे असते, मी सिंगापूरला मुलीकडे, बुओना व्हिस्टाच्या एमआरटी स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. आमची घड्याळं उन्हाळ्यात बरोबर उलटी असतात. माझे सकाळचे साडेसात वाजले की तिचे संध्याकाळचे साडेसात. त्या वेळेला आमचा फोन ठरलेला. मी मोडाच्या मुगांच्या शेपट्या खुडत बसते. इथे त्यांना टाउगे म्हणतात, आणि शेपट्या खुडायची सवय मला खालच्या मजल्यावरच्या चिनी आजींनी लावली. अक्का तिकडे जेवणाआधीची गोळी हातात घेऊन बसते. गोळी घ्यायची राहते, बोलणं होतं.

नागरिकत्व अक्काला कशाला हवं होतं, ते आधी सांगते, नाहीतर या वयात ही हौस कसली असं वाटेल. तिच्याकडे ग्रीन कार्ड आहे. ग्रीन कार्डवाला माणूस फार दिवस बाहेर राहिला की परत जाताना विमानतळावर उलटतपासणी होते, आणि कधी कार्डच जातं. मुलगा, सून, नातवंडं तिकडे. ते दार तिला बंद होऊ द्यायचं नव्हतं. आणि तरी आम्हा दोघींना एकदा पोटभर एकत्र राहायचं होतं. आधी तीन महिने इथे माझ्याजवळ, मग कोथरूडच्या माझ्या दोन खोल्यांत पुढचा उन्हाळा लागेपर्यंत. तिचं लग्न झाल्यापासून आम्ही एका छपराखाली सलग पंधरा दिवसांवर कधी राहिलेलो नाही. ती त्र्याऐंशीची, मी अठ्ठ्याहत्तरची. 'पुढच्या वर्षी बघू' हे शब्द आम्ही आता वापरत नाही.

परीक्षा तोंडी, मुलाखतीतच असते. इतक्या वर्षांच्या कार्डामुळे आणि वयामुळे तिला ती मराठीत, दुभाष्यामार्फत द्यायची सवलत होती. दोन संधी मिळतात. दुसऱ्यांदा नापास झालं की पुन्हा पहिल्यापासून अर्ज करायचा आणि वाट बघायची.

पहिल्या मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला तो जरा उशिरा.

"काय गं, झालीस का अमेरिकन?" मी विचारलं.

"नाही झाले."

"म्हणजे?"

"राहिले. दोन उत्तरांनी राहिले." मग अगदी साध्या आवाजात, "तुला ढाल मिळाली होती ना गं त्या भाषणाला? मग ते चूक कसं असेल?"

मला क्षणभर कुठलं भाषण ते कळेना. मग कळलं, आणि हातातला टाउगे हातातच राहिला.

त्या भाषणाचं सांगायला हवं, आणि ते करणाऱ्या पोरीचंही. मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. दोन वेण्या, एक फाउंटन पेन आणि स्वतःविषयी प्रचंड आदर. इतिहास हा माझा खास विषय होता. खास म्हणजे गणित येत नव्हतं. आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धेत मी विषय निवडला 'अमेरिकेचा स्वातंत्र्यलढा', कारण शिवाजीमहाराजांवर बाकीचे सगळे बोलणार होते. लायब्ररीत अमेरिकेवर एकच पुस्तक होतं आणि त्याची पहिली पंचवीस-तीस पानं कोणीतरी फाडून नेली होती. त्यामुळे अमेरिकेची सुरुवात कशी झाली, ते मला माझ्या मनानंच रचावं लागलं. मी ते आनंदानं रचलं.

भाषण मी पाठ म्हणायची स्वयंपाकघरात, कारण ऐकायला तिथे माणूस हुकमी होतं. आईला दमा होता. ती आतल्या खोलीत उशांना टेकून असायची. अक्काला त्यासाठीच नववीतून शाळेतून काढलं होतं. ती पाटावर बसून सुपात तांदूळ निवडायची, माझा कागद मांडीवर उघडा ठेवलेला असायचा, आणि मी चुलीपुढे उभी राहून गर्जना करायची:

"अध्यक्ष महाराज! अटलांटिकच्या खवळलेल्या लाटांवर स्वार होऊन ते मूठभर वीर एका ओसाड खंडाच्या किनाऱ्याला लागले. तिथे ना माणूस, ना माणसाची सावली!"

"'आणि' राहिलं," अक्का म्हणायची. "'आणि ते मूठभर वीर'. कागदात 'आणि' आहे."

तिचा डोळा खड्यावर, एक बोट कागदावर. कधी चुकली नाही. मग चहाचे पेटारे बंदरात फेकले जायचे. तो चहा आपल्यावर राज्य करून गेलेल्या त्याच कंपनीचा होता, हे मात्र मी खरोखर पुस्तकाच्या उरलेल्या पानांतून घेतलं होतं. मग बर्फात अनवाणी चालणारे सैनिक यायचे. आणि शेवटी उजवा हात हळूहळू वर नेत मी म्हणायची, "आणि जुलै महिन्यातल्या त्या मंगल दिवशी तेरा वसाहतींनी एकमुखानं गर्जना केली! त्या दिवसापासून त्या भूमीवर कोणी कोणाचा गुलाम उरला नाही! उरला नाही! उरला नाही!"

तिसऱ्या 'उरला नाही'ला हात डोक्याच्या वर जायचा. आतून आई खोकायची. अक्का सूप पाखडायची.

एवढ्या वेळा तिनं ते ऐकलं, की मी स्पर्धेच्या दिवशी जे घाबरून विसरले असते ते ती झोपेतून उठवली तरी म्हणाली असती. ढाल फिरती होती, वर्षभर घरी राहायची. दर शनिवारी चिंच लावून ती घासायचं काम कोणाकडे होतं, ते सांगायला नको.

आणि साठ वर्षांनी न्यू जर्सीत काय झालं, ते मला भाच्याकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं. परीक्षेच्या प्रश्नांची यादी सरकार आधीच देतं, उत्तरांसकट. भाचा शनिवार-रविवार बसून आईला ती मराठीतून समजावायचा. सिनेट, काँग्रेस, राज्यपाल, सगळं. इतिहासाचं पान आलं की अक्का म्हणायची, "हे सोड. हे मला येतं. मावशीला ढाल मिळाली होती ह्याच्यावर."

त्यानं सोडलं. त्यालाही शनिवारी इतर कामं होती.

मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, युरोपातले लोक येण्याआधी अमेरिकेत कोण राहत होतं? अक्का म्हणाली, "कोणी नाही. ना माणूस, ना माणसाची सावली." दुभाषी म्हणून भाच्याच्या ओळखीतले एक गृहस्थ होते. ते बिचारे अडखळले, पण त्यांचं काम जे ऐकलं ते सांगायचं. पुढे बाईंनी विचारलं, कोणत्या लोकांना धरून आणून अमेरिकेत गुलाम म्हणून विकलं गेलं? अक्का म्हणाली, "कोणालाच नाही. त्या भूमीवर कोणी कोणाचा गुलाम उरला नाही." आणि तिचा उजवा हात आपोआप वर गेला.

सिनेटबिनेटची काही तिची चुकली होतीच. ही दोन आली असती, तर ती सुटली असती.

आता माझं त्या दिवशीचं फोनवरचं वागणं सांगते. अक्कानं विचारलं, "ते चूक कसं असेल? तू कुठं वाचलं होतंस?" यावर एका अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, सिंगापूरच्या नागरिकाचं गुलाबी ओळखपत्र बाळगणाऱ्या, नातीला खरं बोलावं म्हणून शिकवणाऱ्या बाईनं उत्तर दिलं, "अगं, त्या काळच्या पुस्तकांत असंच असायचं."

"असं होय," अक्का म्हणाली. तिचा लगेच विश्वास बसला. तेच वाईट होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी तिची शिकवणी सुरू केली. नातीनं मला ती यादी मोठ्या अक्षरांत छापून दिली. ती सोळा वर्षांची आहे. मराठी कळतं, बोलायची वेळ आली की इंग्रजीत पळते. मी यादीतला इतिहास मराठीत करून घेतला आणि आपल्याकडच्या पद्धतीनं घोकंपट्टी चालू केली. मी प्रश्न म्हणायचा, अक्कानं उत्तर म्हणायचं, दहादा.

"आधी कोण राहत होतं?"

"ओसाड खंड."

"अक्का!"

"अगं, येतंच ते तोंडात. मी काय करू? तू 'आधी' म्हणालीस की पुढची लाट आपोआप येते."

आठ दिवस झाले, पंधरा दिवस झाले. सिनेट तिला सुरेख यायला लागलं. पण ही दोन उत्तरं हलेनात. मी चिडायची. एकदा फोन ठेवल्यावर मी मुलीला म्हटलंसुद्धा, "अक्काचं डोकं आता राहिलं नाही गं." लिहिताना लाज वाटते. डोकं तिचं इतकं शाबूत होतं, की साठ वर्षांपूर्वी मी त्यात घातलेली घाण तिनं शब्दाशब्दानं जपून ठेवली होती.

एका सकाळी नातीला सुटी होती. ती टेबलाशी नूडल्स खात बसली होती, फोन स्पीकरवर होता. ऐकता ऐकता तिनं चॉपस्टिक्स खाली ठेवल्या.

फोन संपल्यावर म्हणाली, "आजी, एम्प्टी कॉन्टिनेंट? सीरियसली? कुठल्या बुकमध्ये होतं?"

"जुनं होतं एक."

"नाव सांग ना, मी शोधते. ऑनलाइन असेल."

"त्याची पानं फाटली होती."

"मग तू वाचलंस कसं?"

मी टाउगेच्या शेपट्यांकडे लक्ष दिलं. पोरगी हुशार आहे, दुर्दैवानं माझ्यावर गेली आहे. "ओह माय गॉड," ती म्हणाली. "यू मेड इट अप, इझिट?"

तिनं ताणलं नाही. बाउल उचलता उचलता एवढंच म्हणाली, "सिंगापूरचं पण सेम लाह. सगळे बोलतात फिशिंग व्हिलेज ओन्ली, इंग्लिशमन आला मग सगळं स्टार्ट झालं. आमच्या टीचरनं सांगितलं, त्याच्या फाइव्ह हंड्रेड इयर्स आधी इथे पोर्ट होता. शिप्स यायच्या. माणसं होती, आजी."

ती आत गेली आणि मला माझा दुसरा गुन्हा आठवला. पुण्यामुंबईहून पाहुणे आले, की हार्बरफ्रंटला समुद्राकाठी उभं राहून मी हातवारे करत सांगते, "इथे काही नव्हतं हो! कोळ्यांची चार घरं!" ह्यांची नोकरी तिथल्याच एका शिपिंग ऑफिसात हिशेबनीसाची होती, त्यामुळे तो काठ मला माहेरासारखा. चाळीस वर्षं मी लोकांना तिथे उभं करून हेच ऐकवते आहे. मला ओसाड जागा फार आवडतात असं दिसतं. ओसाड जागेवर वाक्य छान उभं राहतं. मधे माणसं आली की त्यांना विचारावं लागतं.

दुसऱ्या दिवशी साडेसातला मी फोन लावला आणि तिनं गोळी हातात घ्यायच्या आत सांगून टाकलं. "अक्का, ते मी कुठं वाचलं नव्हतं. पानं फाटलेली होती. मी मनानं लिहिलं."

पलीकडे भांड्याचा आवाज होत होता, तो थांबला.

"का गं?"

"वाक्य चांगलं वाटलं."

भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "मका."

"काय?"

"त्यात मका होता. पहिल्या हिवाळ्यात त्यांच्यातली निम्मी माणसं गेली, मग तिथल्या लोकांनी उरलेल्यांना मका पेरायला शिकवलं. ते तुझ्या भाषणात होतं. ओसाड खंडाच्या खाली, चौथ्या का पाचव्या ओळीला. मी तेव्हा तुला विचारलं होतं, कोणीच नव्हतं तर मका कोणी शिकवला?"

मक्याचं मला उरलेल्या पानांत कुठेतरी सापडलं होतं, आणि मी ते तसंच चिकटवलं होतं. ती हे विसरली असेल, अशी माझी साठ वर्षं समजूत होती. मी स्वतः विसरायचा खूप प्रयत्न केला होता.

"तू काय म्हणालीस आठवतंय?" तिनं विचारलं.

आठवत होतं. चुलीपुढे उभी राहून, वेणी मागे टाकत, मी म्हटलं होतं, 'नववी नापास झालेल्यांनी अमेरिकेच्या इतिहासात तोंड घालू नये.' परीक्षक तिघं होते, त्यातले दोघे प्राध्यापक. त्यांच्यापैकी कोणालाही तो मका दिसला नव्हता. सुपात खडे शोधणाऱ्या मुलीला तो पहिल्याच दिवशी दिसला होता.

"आठवतंय," मी म्हटलं.

"मी नापास नव्हते गं झाले," अक्का म्हणाली. आवाजात राग नव्हता. एखादा जुना पत्ता दुरुस्त करून द्यावा, तशी म्हणाली. "सहामाहीला मी वर्गात चौथी होते. मग आईचं वाढलं."

"मला माहीत होतं."

"माहीत होतं ना? तेव्हा मला वाटलं, हिला माहीत नसेल."

मी रडले नाही. ते सोपं झालं असतं, आणि तिलाच मला समजवत बसावं लागलं असतं. मी म्हटलं, "अक्का, मक्याचं तू बरोबर होतीस. मी चूक होते. तू तेव्हाही बरोबर होतीस."

"थांब, पेन आणते," ती म्हणाली. "तारीख घालून लिहून ठेवते. पुन्हा कधी म्हणशील न म्हणशील."

आम्ही हसलो. हसणं संपल्यावर ती म्हणाली, "नापास झाले त्याचं मला एवढं नाही. त्या बाईचं वाटतं."

"कोणत्या?"

"मुलाखत घेणाऱ्या. काळ्या होत्या. वयानं आपल्या मुलींएवढ्या. छान हसऱ्या, माझ्यासाठी खुर्ची जवळ ओढून दिली. मी ते 'उरला नाही' म्हटलं, हात वर केला, आणि दुभाष्यानं त्यांना सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. खिडकीकडे बघितलं थोडं. मग पेन उचलून पुढचा प्रश्न विचारला, तितक्याच नीट. चूक की बरोबर, काही म्हणाल्या नाहीत. मला कळलं की मी काहीतरी वाईट बोलले, पण काय ते कळेना. घरी येऊन विचारलं तेव्हा मुलानं सांगितलं. आता भाजी चिरताना ते पेन खाली ठेवणं दिसतं मला."

मी पुढ्यातली छापील यादी उलटी करून ठेवली.

मग अक्काच म्हणाली, "तू मला उत्तरं पाठ करायला देऊ नकोस. पाठ केलेलं एकदा बघितलं आपण. खरं काय झालं ते सांग. मी विचारेन, तू सांग. कळलं की लक्षात राहील."

आणि मग ती विचारायला लागली. परीक्षेत नसलेलंच जास्त. त्या मूठभर वीरांच्या जहाजात बायका किती होत्या? त्या हिवाळ्यात स्वयंपाक कोण करत होतं, आणि करायला होतं तरी काय? निम्मी माणसं गेली तर खड्डे कोणी खणले? मका शिकवणाऱ्यांचं पुढे काय झालं? मला काही येत नव्हतं. मी एमआरटीनं सार्वजनिक वाचनालयात जायला लागले, चष्मा पुसून पुसून वाचायला लागले. पहिली पानं शाबूत असलेली पुस्तकं वाचायला मला फार उशीर झाला होता.

मका शिकवणाऱ्यांचं पुढे काय झालं, ते मी तिला तीन सकाळी सांगत होते. जहाज येण्याआधीच परक्या रोगांनी त्यांची गावंच्या गावं माणसांवाचून उरली होती. ओसाड वाटलेल्या त्या किनाऱ्यावर शेतं होती, पण पेरणारे नुकते मेले होते. दोन पिढ्यांत उरलेल्यांशी लढाई झाली आणि त्यांच्यातलेही कितीतरी बाहेर नेऊन विकले गेले. अक्का मधे बोलायची नाही. शेवटी एकदा म्हणाली, "म्हणजे तू 'ओसाड' म्हणालीस ते त्यांच्या मढ्यांवर उभं राहून."

मग मी तिला ते दुसरं सांगितलं. त्या प्रसिद्ध जहाजाच्या एकच वर्ष आधी, त्याच किनाऱ्यावर खाली दक्षिणेकडे, दुसऱ्या एका जहाजातून आफ्रिकेतली वीसेक माणसं उतरवली गेली आणि खाण्यापिण्याच्या सामानाच्या बदल्यात देऊन टाकली गेली. त्यांच्या अटलांटिकवर कोणी स्वार नव्हतं. आणि जुलैतल्या त्या दिवसानंतरही देशभरातली गुलामी संपायला जवळजवळ नव्वद वर्षं जावी लागली. सगळी माणसं समान जन्मतात, हे ज्यानं जाहीरनाम्यात लिहिलं, त्याच्या स्वतःच्या घरी गुलाम राबत होते.

"त्याच्या घरी?"

"हो."

"म्हणजे तो खोलीत बसून ते लिहीत होता, आणि त्याचं पाणी दुसरं कोणी भरत होतं."

ती काय म्हणाली ते तिला नंतर ऐकू आलं असावं, कारण तिनं हातातली गोळी घेऊन टाकली. अक्काला कोणी विकलं नव्हतं, तिच्या अंगावर कोणी डाग दिला नव्हता. त्या दुःखाशेजारी आमच्या स्वयंपाकघराला नेऊन बसवण्याइतकी बेशरम मी आता राहिलेली नाही. पण मी उजवा हात वर करून स्वातंत्र्य म्हणत होते, तेव्हा माझ्या पोलक्याला इस्त्री कोणी केली होती, एवढं मला नीट आठवतं.

दुसरी मुलाखत दुपारची होती, म्हणजे आमच्या मध्यरात्रीनंतरची. अक्कानं भाच्याला बजावून ठेवलं होतं, "तू तिला काही कळवायचं नाहीस. मी सांगणार. रोजच्या वेळेला." त्यामुळे सकाळी साडेसातला मी टाउगेची पिशवी पुढ्यात ओतली आणि फोनकडे बघत बसले. नात शाळेच्या बुटांच्या नाड्या बांधत दारात रेंगाळली होती.

"झाले," अक्का म्हणाली.

नातीनं दारातूनच "यस!" केलं. मी म्हटलं, "काय काय विचारलं? मक्याचं आलं का? किती बरोबर—"

"मधे बोलू नकोस. मी सांगते ना."

मी शेपटी खुडली.

तिनं सगळं क्रमानं सांगितलं. रस्त्यात गर्दी होती ते, दुभाषी नवा कोट घालून आले होते ते. आधी कोण राहत होतं, हा प्रश्न आला. ती म्हणाली, "ज्यांची ती जमीन होती ते. ज्यांनी मका शिकवला ते." दुभाष्यानं तिला हळूच विचारलं, मूळचे अमेरिकन असं सांगू ना? ती म्हणाली, तसं सांगा, पण मकाही सांगा. विचारणाऱ्यानं मान हलवली आणि लिहून घेतलं. गुलामांचा प्रश्न या वेळी आलाच नाही.

"आणि विचारणारा दुसराच होता गं," ती म्हणाली. "तरुण मुलगा. त्या बाई नव्हत्या. मी विचारलं दुभाष्यामार्फत, त्या कुठायत. म्हणाला, आज इथे नाहीत. मला वाटलं होतं त्याच असतील. मी सांगायचं ठरवून गेले होते."

"अगं, पास झालीस ना!"

"झाले. पण त्यांना सांगायचं राहिलं."

माझी जुनी हौस उफाळून आली. मी म्हटलं, "पत्र पाठवू. त्या ऑफिसच्या पत्त्यावर, तुझी मुलाखत घेणाऱ्या बाईंना म्हणून. मी लिहिते छान—"

"तू नको लिहूस. तू लिहिलंस की त्यात लाटा येतील." मग म्हणाली, "मी सांगते, तू उतरव. जसं सांगते तसं."

मी ओले हात पुसले. नातीनं दप्तरातून एक वही आणि पेन काढून माझ्यापुढे ठेवलं. शाळेला उशीर होत होता तरी ती उभी राहिली, कारण पत्राचं इंग्रजी तिला करायचं होतं. अक्का सावकाश सांगत गेली. मी लिहीत गेले. मधे दोनदा एक विशेषण पेनाच्या टोकाशी आलं, ते मी परत पाठवलं.

"आता वाच," अक्का म्हणाली.

मी वाचलं. "बाई, मी त्या दिवशी गुलामीबद्दल जे बोलले ते खोटं होतं. ते मी तरुणपणी ऐकलं होतं, खरं मानलं. तुम्ही पेन खाली ठेवलं ते मी पाहिलं. मला माफ करा. खरं काय झालं ते मी आता शिकले आहे."

माझ्यापुढे अर्धे टाउगे शेपटीसकट पडले होते.

"'आणि' राहिलं," अक्का म्हणाली. "'आणि खरं मानलं'."

मी वर बारीक अक्षरात 'आणि' घातलं, आणि वही नातीकडे दिली.